रांजणावरचा गिलास

घरमालकांची सून पाणी घेऊन बाहेर आली आणि मी बाकावरून उठलो. ओसरीची पायरी उतरलो, अंगणाच्या कडेला उकिडवा बसलो, दोन्ही हात जोडले आणि तोंडापाशी ओंजळ धरली.

मला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. कोणी बस म्हटलं नव्हतं.

सुनेच्या हातात घासूनपुसून चकचकीत केलेला पितळी गिलास. तो तिनं माझ्या हातात द्यायला पुढे केलेला. पण मी तिथं होतोच कुठं? बाक रिकामा, गिलास हवेत, आणि इस्त्रीच्या सदऱ्यातला, खिशाला पेन लावलेला सरकारी बाबू खाली मातीत, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा.

घराचे मालक भाऊसाहेब सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"कोन होय तुम्ही?" ते म्हणाले.

बोलायचं राहिलं होतं काय? हात बोलून चुकले होते.

सुनेनं सासऱ्याकडं पाहिलं. "मामाजी, टाकू का?"

"टाक. उन्हाचा आला आहे."

तिनं गिलास उंच धरला आणि वरून धार सोडली. आणि मी प्यालो. हीच गोष्ट मला अजून पचली नाही. उठता आलं असतं. चालतं होता आलं असतं. मी पूर्ण गिलास प्यालो. पाणी मनगटावरून ओघळलं, कोपरापर्यंत बाह्या भिजल्या, आणि वर मी मान हलवून 'बस' अशी खूणही केली. तीसुद्धा जुन्या पद्धतीची. डोळे खाली, मान जराशी एका बाजूला.

तोवर सगळं झकास चाललं होतं. माझी पांढुर्ण्याहून सौंसरच्या कचेरीत बदली झाली होती. कारकुनाची नोकरी, कायम झालेली. भाऊसाहेबांच्या वाड्याला लागून दोन खोल्यांचं कौलारू घर रिकामं होतं. मागं विहीर. आणि गल्लीच्या पलीकडं गावातली मोठी शाळा. घर पाहताना पोरांचे पाढे ऐकू येत होते. भाऊसाहेबांनी विचारलं, "कोठचे?" मी म्हटलं, "पांढुर्ण्याचे." आडनाव सांगितलं. आमचं आडनाव असं आहे की ते कुणब्यांतही सापडतं, तेल्यांतही सापडतं. त्यांनी मनातल्या मनात आम्हाला कुठंतरी बसवलं आणि खूश झाले. "शनिवारी आम्ही जामसांवलीले जातो मारुतीच्या दर्शनाले. येत जा आमच्यासंग," असंही म्हणाले. भाडं ठरलं. आता फक्त पाणी प्यायचं राहिलं होतं.

खोटं बोलायचं नाही, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असं मी आणि बायकोनं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं, ती गप्प होती. आठ दिवस मी घोकंपट्टी करून राहिलो होतो. गाव विचारलं तर हे म्हणायचं, देव विचारला तर ते. आणि बायकोला बजावलं होतं, "तू येऊ नको आत. तुझ्या बोलण्यातून जात कळून येईन." म्हणून ती विमलला, आमच्या पोरीला, घेऊन गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली उभी होती. हाक मारली की तिनं यायचं, घर पाहायचं.

असा मी हुशार. तोंडाची सगळी तयारी केली. हातांची राहून गेली.

भाऊसाहेब चिडले नाहीत. ओरडले असते तर मी कदाचित काही बोललो असतो. ते मऊ आवाजात म्हणाले, "घराचं म्हणाल तर आमच्या भाच्यासाठी ठेवायचं चाललं आहे घरात. मले आत्ताच आठवलं. अन् पोरीची काळजी करू नका. तुमच्या मोहल्ल्यात शाळा आहे न. तिथं तिले आपल्या माणसांत वाटन."

मी हात जोडले. हो, जोडले. आणि निघालो.

फाटकापाशी पोचलो तेव्हा मागं आवाज आला. बाकावर बादली ओतल्याचा. आधी एक मोठा सपकारा, मग फरशीवरून वाहत गेलेलं पाणी, मग खराट्याची खरखर. मी वळून पाहिलं नाही. त्यामुळं ते दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. दिसलं असतं तर विसरलो असतो बहुतेक. ऐकलेलं जात नाही. अजूनही शेजारी कोणी ओटा धुतला की माझी पाठ ताठ होते.

कडुनिंबाखाली बायको उभी होती. विमलनं विचारलं, "बाबा, घर भेटलं?"

"भाच्याले देऊन राहिले ते," मी म्हटलं.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. खालून वर. काही विचारलं नाही. विमलचा हात धरला आणि चालू लागली.

आम्ही बायकोच्या भावाकडं, महारवाड्यात राहिलो. वाईट नव्हतं ते. माणसं आपली. पण तिथली शाळा म्हणजे एक खोली आणि एक मास्तर, आणि त्या मास्तरांची शेती लोधीखेड्याला. कापूस वेचणीला आला की शाळेला सुट्टी. विमल चौथीत गेली होती. नकाशाचं वेड होतं तिला. पांढुर्ण्याला तिला वर्गाच्या दाराशीच बसवत, नकाशा भिंतीवर समोर लांब. तिला जवळून पाहायचा होता. एवढंच. मोठ्या शाळेत मोठा नकाशा आहे, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं.

आणि तेव्हा नकाशाचेच दिवस होते. भाषेप्रमाणे राज्यं नव्यानं मांडली होती. नागपूर तिकडं गेलं, आम्ही इकडं राहिलो. मराठी बोलणारं गाव भोपाळच्या हाताखाली गेलं. पानठेल्यावर, न्हाव्याकडं, बसस्टँडवर, जिथं जावं तिथं एकच चर्चा. आपण कोणाचे? आपल्याले कोण विचारीन? आपल्या पोरांच्या शाळेचं काय होईन? चांगली तालेवार माणसं रडकुंडीला आलेली. मी चहा पीत ऐकत असे. बाहेरच्या फळीवर बसून, वेगळ्या कपातून. वाटायचं, मालक, एक रेघ मारली तर तुमची ही गत. आमच्याभोवती किती मारल्या, ते कधी पानठेल्यावर निघालं नाही.

पण हे मनात. तोंडानं मी तेव्हा कोणाला काही बोललो नाही. माझं लक्ष माझ्या हातांवर असायचं. खरंच सांगतो, मी त्या हातांना भ्यायला लागलो. कचेरीत शिपाई पाणी घेऊन आला की मी हात टेबलाखाली घालायचो. तो गिलास ठेवून गेला, की मग काढायचो. माझा आजा गावकीची कामं करायचा. विहिरीपाशी तासन् तास बसून राहायचा, कोणी पाणी ओतेल म्हणून. आज्याला मरून वर्षं झाली. पण माझ्या मनगटाच्या पुढं तोच बसलेला होता. मी सही करायचो, तेव्हा वाटायचं, हा आजा आता पेन खाली ठेवून ओंजळ धरतो की काय.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा मी विमलला मोठ्या शाळेतच नेलं. घर नाही तर नाही, शाळा काही भाऊसाहेबांच्या वाड्यात नव्हती. हेडमास्तरांनी नाव घातलं. कायदा त्यांना माहीत होता. माणूस वाईट नव्हता. आत बसवीन म्हणाले आणि बसवलंही. नकाशासमोर नाही, पण आत. विमल घरी येऊन सांगायची, नवा नकाशा अजून आला नाही, मास्तरांनी जुन्याच नकाशावर तांबड्या पेन्सिलनं रेघ ओढली आहे. नागपूर आणि सौंसर यांच्या मधून. मी हसलो. खूश होतो मी. फळीवरचा चहासुद्धा गोड लागत होता.

एक दिवस ती जेवणाचा डबा विसरली. मी कचेरीतून मधल्या सुट्टीत तो द्यायला गेलो.

शाळेच्या पडवीत रांजण होता. झाकणावर पितळी गिलास. पोरं यायची, बुडवायची, प्यायची, पालथा घालून पळायची. विमल पडवीत नव्हती. ती पडवीच्या खाली होती. अंगणाच्या कडेला. उकिडवी बसलेली, कोपरं पोटाशी घेतलेली, दोन्ही हात तोंडापाशी. शिपाई वरून धार सोडून राहिला होता. तिचे डोळे खाली. मान जराशी एका बाजूला.

ती मान मी ओळखली.

तिला हे कोणी शिकवलं? मी नाही. तिच्या मायनं नाही. पांढुर्ण्याला आमच्या दारात आमचीच विहीर होती. पण ती बसली होती तशीच, हुबेहूब, कुठंही चूक नाही. आजा माझ्या हातातून उठून तिच्या हातात जाऊन बसला होता.

डबा माझ्या हातून पडला की मी ठेवला, आठवत नाही. मी पडवी चढलो. झाकणावरचा गिलास घेतला, रांजणात बुडवला, भरून काढला. माझ्या हातांनी ओंजळ धरली नाही.

"अजी बाबू, काय करून राहिले? बाटवता काय रांजण?" शिपाई म्हणाला.

"विमल, वर ये," मी म्हटलं. "उभी राहा. हा घे. पी."

ती आली. तिनं आधी शिपायाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग गिलास दोन्ही हातांनी धरून प्याली. उभ्यानं. मग मी प्यालो. मग गिलास पालथा घातला, जिथं होता तिथंच.

हेडमास्तर बाहेर आले. मला खोलीत नेलं, खुर्ची दिली. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. मी नाही म्हणत नाही. पण भाऊसाहेबांचा नातू याच वर्गात आहे. उद्या पाच-पन्नास लोक पोरं काढून घेतीन. शाळा चालवायची कशी मी?" मग जरा पुढं वाकले. "एक करा. पोरीसंग घरून एक गिलास पाठवा. तिचा स्वतःचा. शिपाई त्यात पाणी देईन, ती उभ्यानं पिईन. ओंजळ नाही, भांडण नाही. काय?"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी दोनदा आभार मानले. शूर माणूस पडवीतून खोलीत जाईपर्यंत एवढासा झाला होता. पण मला ते तेव्हा दिसलं नाही. मला वाटलं, जिंकलो.

तसाच बाजारात गेलो. भांड्याच्या दुकानात चांगला जड पितळी गिलास घेतला. दुकानाबाहेर भांड्यांवर नावं घालणारा बसायचा, त्याच्याकडून नाव कोरून घेतलं. त्यानं विचारलं, "आडनाव टाकू?" मी म्हटलं, "टाक." ठक ठक करत त्यानं टिंबाटिंबांनी विमलचं नाव काढलं. फार सुंदर काढलं. वाटेत मी तो दोन-तीनदा उन्हात धरून वाचला.

घरी विमल आधी पोचली होती, तिनं मायला सगळं सांगितलं होतं. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. मी जोरात होतो. पडवीत कसा चढलो, शिपायाचं तोंड कसं झालं, हेडमास्तरांनी खुर्ची कशी दिली, सगळं हातवारे करून सांगितलं. शेवटी गिलास तिच्यासमोर ठेवला.

"आता ओंजळीचं काम नाही," मी म्हटलं. "तिचा गिलास तिच्याजवळ."

ही गोष्ट मी घरी पुष्कळदा सांगतो. लग्नाकार्यात पोरं माझ्याभोवती गोळा होतात, 'बाबा, कोंबडीसारखे बसले ते सांगा' म्हणतात. मी सांगतो, ती हसतात, मीही हसतो. पण बायको जे बोलली तिथं मी आलो की कोणी हसत नाही.

तिनं पिठाचे हात पुसले. गिलास उचलला, फिरवून नाव पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. टिंबांवरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी कडुनिंबाखाली तुम्ही आले," ती म्हणाली, "तर तुमच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. गिलासानं पाणी पिणाऱ्याची बाही भिजत नाही. मले तवाच समजलं. म्यां विचारलं नाही, कारण तुम्ही मान वर करत नव्हते."

माझा हात आपसूक बाहीवर गेला.

तिनं गिलास घेतला, दारातल्या माठापाशी गेली आणि झाकणावर पालथा ठेवला.

"हा घरी राहीन," ती म्हणाली. "इथं जो येईन त्याले याच्यात पाणी देईन. हातात देईन. तो शिपाई आला तरी देईन. अन् विमल शाळेतल्याच गिलासानं पिईन, रांजणावरच्या. उद्या मी जातो तिच्यासंग. परवाही जातो. मधली सुट्टी झाली की मी पडवीत उभी राहीन. काढू द्या, कोणाले पोरं काढायची असतीन तर. आपली पोरगी नाही निघत."

मग पुन्हा चुलीपाशी बसली, आणि तव्याकडं पाहत म्हणाली, "अन् तुम्ही उद्या कोरड्या बाहीनं घरी या."