राजवाड्याच्या चौकातून बाहेर

माझी चाकांची खुर्ची मुंबईहून बोटीने वेंगुर्ल्याला उतरली आणि तिथून बैलगाडीत गवतावर आडवी पडून आरोंद्याला आली. साठीच्या दशकाची सुरुवात होती. भाऊ गोदीत कामाला होता, त्याने ती जुन्या बाजारातून आणली. बैठक वेताची आणि चाकं सायकलीची वाटावीत एवढी मोठी. लहानपणी तापात माझे पाय गेले. तेव्हापासून विशीपर्यंत मी कुणाच्या ना कुणाच्या पाठीवरूनच हिंडले होते. खुर्ची आली तरी फार फरक पडला नाही. दाराला उंबरा, घरापुढच्या अंगणाच्या खळ्याखाली पायऱ्या. खळ्याच्या एका टोकाला गेलं की वळायचं आणि दुसऱ्या टोकाला जायचं. आई वैतागून म्हणायची, "जरा थारार बस गो."

थाऱ्यावर बसणं मला जमत नव्हतं.

त्या मे महिन्यात भाऊ सुट्टीवर आला आणि त्याने नव्या वहिनीला आणि मला सावंतवाडीला मावशीकडे नेलं. खुर्ची एसटीच्या टपावर बांधली होती. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी वर बघत होते, दोर सुटला की काय म्हणून. दुसऱ्या दिवशी राजवाडा बघायचं ठरलं. मावशीच्या यजमानांची तिथे ओळख होती, म्हणून आत सोडलं.

चौकात शिरल्यावर मी हात चाकांवर ठेवून थांबले. एवढी मोकळी सपाट जागा मला याआधी मिळाली नव्हती. चारी बाजूंनी जांभ्या दगडाच्या भिंती, कमानी, आणि एका कोपऱ्यातून वर जाणारा जिना. भाऊ सवयीने माझ्यापुढे पाठ करून वाकला. "चल, वरचो दरबार बघूया."

"माका नको. तुमी बघून येवा."

"एकटी काय करतलंस?"

"फिरतंय."

वहिनीने त्याची बाही ओढली आणि दोघं जिना चढून गेली. मी चौकाला एक फेरी घातली. मग दुसरी. वरून त्यांचा आवाज येत होता, वहिनी कशाला तरी हसत होती. तिसऱ्या फेरीत मला कळलं, हेही खळंच आहे, फक्त मोठं. 

मागच्या कमानीपाशी एक पहारेकरी विडी ओढत बसला होता. मी विचारलं, "ही वाट खंय जाता?"

"तळ्यार."

"पायरे आसत?"

"नाय. उतार आसा. पूर्वी घोड्यांचे गाडये ह्याच वाटेन येयत."

मी कमान ओलांडली आणि उतार लागताच खुर्ची माझ्या हातातून निघाली. मी चाकं पकडायला गेले तर तळहात सोलवटले.  रस्ता सपाट झाला तेव्हा खुर्ची आपोआप हळू झाली आणि समोर तळं होतं.  थांबायला हवं होतं. पण थांबले नाही, तळ्याकाठच्या रस्त्याने बाजाराकडे निघाले. लोक वळून बघत होते. एक बाई "कोणाचा गो चेडू ह्या?" म्हणाली.  लाकडी खेळण्यांची दुकानं गेली, कांकणवाल्याचं गेलं. काहीच नीट बघितलं नाही, नुसती पुढे जात राहिले.

भाऊ धावत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तळ्यात बघी होतंय तुका मी," तो म्हणाला.  मग माझे हात त्याला दिसले. त्याने खांद्यावरचा पंचा फाडून ते बांधले.

"माका इचारूक काय झाला होता?"

"इचारल्यार जावक दिलंस असतंस?"

 वहिनी मागून धापा टाकत पोचली. मी दोघांनाही सांगितलं की मी आरोंद्याला परत येणार नाही. मावशीचं घर रस्त्याला लागून आहे, तिच्याकडे राहीन, शिवण शिकेन. भाऊ म्हणाला, आईला काय सांगू? मी म्हटलं, काहीही सांग.

"रवांदेत तिका," वहिनी म्हणाली. घरात येऊन तिला दोन महिनेही झाले नव्हते. तिने आवाज चढवला नाही, पण भाऊ तिच्याकडे बघतच राहिला.

दोन दिवसांनी ती दोघं एसटीत बसली. वहिनीने खिडकीतून माझ्या बांधलेल्या हाताला हात लावला. भाऊ दुसरीकडे बघत होता.

मावशीकडे मी शिवण शिकले आणि नंतर गिऱ्हाइकंही मिळाली. आईने वर्षभर माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही. संध्याकाळी हाताने फिरवायचं शिवणयंत्र झाकलं की मी तळ्याकाठी जायची. पहिले काही महिने ते तळं फार मोठं वाटलं. मग त्याचंही खळं झालं आणि एक दिवस मी मावशीला विचारलं, कुडाळची गाडी कितीला सुटते?