पाड्यावर मी लावलेलं कुलूप

मुरबाडला शिक्षकांच्या शिबिरात ‘गुन्हेगारी नसलेला समाज’ या विषयावर प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायचं होतं. कुणी कॅमेरे बसवा म्हणालं, कुणी संस्कारवर्ग घ्या. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, असा समाज मी बघितलाय, आणि तिथं कुलूप लावणारी शहाणी मीच. सगळे हसले. मला त्याचं अजून हसू येत नाही.

मी सापगावची, शेतकऱ्याच्या घरातली. नोकरी लागली डोळखांबच्या पुढे, डोंगरातल्या पाड्यावरच्या शाळेत. तिथंच खोली घेतली. शेजारी एक एकटी मावशी. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो, तशी तीही जायची. जाताना दाराला एक काठी आडवी लावायची, बस्स. घरात माणूस नाही, लक्ष ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. आत चार भांडी आणि कणगीत पुढच्या पेरणीचं बी. सासूच्या वेळेपासून जपलेलं लाल भात, दुकानात न मिळणारं. तिच्या डोंगरउतारावरच्या तुकड्यात दुसरं भात येत नाही, त्यामुळे ते गेलं तर तो पडीकच राहणार.

ती काठी बघून माझाच जीव खालीवर व्हायचा. एका वर्षी ती गेल्यावर मी शहापूरहून जाडजूड पितळी कुलूप आणलं, कडी-कोयंडा बसवून घेतला आणि लावून टाकलं. कुणाला विचारलं नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये. कित्येक दिवस मी स्वतःवरच खूश होते.

होळीच्या आधी अवकाळी पाऊस पडला. आत गळत असेल हे मला सुचलंही नाही. वैशाखात मावशी परतली. मी मोठ्या तोऱ्यात कुलूप काढलं, तर आतून कुबट वास. माकडांनी कौलं सरकवली होती. कणगीतलं बी मोड येऊन कुजलं होतं.

समोरचे म्हातारे बाबा दारात येऊन हळूच म्हणाले, “दरसाल गळलं का आमीच आत जाऊन बी उन्हात घालतो. औंदा कुलूप बघितलं. म्हटलं, बाईनं लावलंय, काय तरी इचार असंल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी कणगीत हात घालून कुजलेलं बी चाळवत होती. मी रडत म्हटलं, कुठूनही विकत आणून देते. ती म्हणाली, “ह्ये बियाणं इकत नाय मिळत, बाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आल्या, प्रत्येकीच्या सुपात तेच लाल भात. कधीकाळी त्यांचं बी खराब झालं तेव्हा मावशीनंच दिलं होतं म्हणे. कुणी मापलं नाही. मला कुणी एका शब्दानं टोचलं नाही. त्याबद्दल त्या माणसांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत सापगावला निघाले, तेव्हा माझ्या दाराला मावशीनंच काठी लावली. “जा बिनघोर,” म्हणाली. परत आले तर माझी जमीन नुकतीच सारवलेली आणि हंडा भरलेला. हंड्याशेजारी लाल भाताची एक पुरचुंडी.

“ही कशाला, मावशी?”

“तुमच्या सापगावच्या शेतात लाव. परत आमचं गेलं तर तुझ्याकडनं नेईन.”

जिनं मावशीचं बी घालवलं, तिच्याच हातात मावशीनं ते ठेवलं.