खेट्याच्या वाटेवरचं घमेलं

त्या रविवारी जोतिबाच्या डोंगरावर माझ्या मुलीला जे झालं, ती कृपा होती की औषधाचा गुण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात असा गोंधळ चालत नसे. वडील कोल्हापुरात चौकाचौकात नवसाविरुद्ध पत्रकं वाटायचे. मी पहिली अक्षरं गिरवली तीही उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर. आई मात्र जोतिबाची. दोघांनी एकमेकांना कधी बदलायला घेतलं नाही. मी वडिलांच्या बाजूचा, हे न बोलताच ठरलं होतं.

मुलगी अडीच वर्षांची झाल्यावर तिचं डायपर सोडवायचं काम मी मागून घेतलं. बायको कागलच्या एमआयडीसीत शिफ्टला जाते, आणि लेकराची शी-शू हे एकट्या बाईचं काम नव्हे, असं मीच एका पत्रकात छापलं होतं. निळं प्लास्टिकचं पॉट आणलं. जबरदस्ती नाही, लाच नाही, भीती नाही, असे नियम केले. मुलीने आधी त्यात बाहुली बसवली, मग ते डोक्यावर घालून घरभर फिरली. शेवटी एकदाचं जमलं, तेव्हा आईने दारातूनच आरोळी ठोकली, "जोतिबाच्या नावानं..." आणि पोरगी बसल्या जागी दोन्ही हात वर करून ओरडली, "चांगभलं!" त्यानंतर रोज तेच. आरोळी झाल्याशिवाय ती मोकळी होईना.

मला ते खटकलं. "आई, शी करायला देव कशाला? यात देवाचा मान नाही आणि पोरीच्या बुद्धीचाही नाही."

"अरं, पोरगी हसत बसतीया की. तुझ्या बापानं बी मला एवढं कधी अडवलं न्हाय."

तरी मी आरोळी बंद केली. तिच्या जागी 'शाब्बास' म्हणायचं ठरवलं.

शाब्बासवर काही येईना. त्याच सुमारास एकदा तिला खडा झाला, दुखलं, थोडं रक्तही आलं. आरोळी गेली म्हणून खडा झाला, की खडा झाला म्हणून ती घाबरली, मला सांगता येणार नाही. पण तेव्हापासून ती शी धरून ठेवू लागली. कपाटामागे जाऊन पाय आवळून, लालबुंद होऊन उभी राहायची. मी तिच्यासाठी पोट, आतडं, पॉट अशी चित्रं काढून छोटी पुस्तिका केली. तिने ती मन लावून पाहिली आणि पॉटमध्ये टाकली. पुढे जेवणही तुटलं, पोट दगडासारखं झालं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, की सोमवारपर्यंत झालं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीने पोट साफ करावं लागेल.

आईने खेटा बोलला. माघातल्या रविवारी कोल्हापूरची माणसं अनवाणी चालत जोतिबाचा डोंगर चढतात, तो खेटा. नातीला घेऊन जायचं, असं तिनं परस्पर ठरवलं. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "तुमचं तत्त्व ऱ्हाऊ दे बाजूला. पोरगी कळवळतीया. औषध चालू हायच की, खेटा बी होऊ दे." मी गेलो. पण पिशवीत नवसाविरुद्धची पत्रकं घेऊन गेलो.

सगळी वाट मुलगी माझ्या खांद्यावर होती. वर पोहोचल्यावर आई आणि बायको दर्शनाच्या रांगेत गेल्या. मी आत जात नसे, म्हणून गुलाल-खोबऱ्याच्या दुकानांपाशी मुलीला घेऊन थांबलो. पत्रकं बाहेर काढावीत का, ते मला कळेना. चालून आलेल्यांच्या पायांना भेगा पडल्या होत्या. तेवढ्यात देवळाच्या बाजूने शेकडो गळ्यांची आरोळी उठली, "चांगभलं!" माझ्या मानेभोवतीचे चिमुकले गुडघे आवळले गेले आणि कानाशी आवाज आला, "बाबा, शी."

मी पळत सुटलो. कुठे, ते माहीत नव्हतं.

"अवो पावणं, लेकराला टांगून कुठं धावताय? इकडं आणा!" एका दुकानातल्या मावशी ओरडल्या. त्यांनी गुलालाचं घमेलं पोत्यावर रिकामं केलं आणि दुकानामागे ठेवलं. "कागद हाय का कागद?"

मी पत्रकं काढून घमेल्यात पसरली. त्यांनी वाकून एक बघितलं. "कशाची म्हणायची ही?"

"नवस करू नका म्हणून."

"बरी कामाला आली की!" त्या खदखदून हसल्या आणि आमच्याकडे पाठ करून लुगड्याचा पदर पसरून उभ्या राहिल्या.

मुलगी घमेल्यावर बसली. माझं बोट घट्ट धरून रडू लागली, पुन्हा पाय आवळू लागली. मी "शाब्बास, शाब्बास" म्हणत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, म्हण की."

वडील आठवले. मग तिचं ताणलेलं पोट दिसलं. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो, "जोतिबाच्या नावानं..."

"चांगभलं!" मुलीने दोन्ही हात वर केले. पदराआडून मावशी ओरडल्या, वाटेवरची अनोळखी माणसंही ओरडली. आणि ती मोकळी झाली. मी तिथेच गुलालात बसून रडलो.

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. बायको म्हणाली, चालताना हिसके बसले. आईनं त्या मावशींना नवं घमेलं नेऊन दिलं. तिघांचंही खरं असेल, की त्यात आणखी काही असेल? मी नवसाविरुद्ध आजही लिहितो. पण जे मला समजत नाही, ते मुठीत गच्च धरून त्याच्याशी भांडत बसणं मी सोडलं आहे. पुढच्या खेट्याला मी पहिल्यांदाच रांगेत उभा राहिलो. गाभाऱ्यासमोर आल्यावर काय मागावं ते सुचेना. हात जोडले, काहीच मागितलं नाही, आणि खांद्यावरची मुलगी ओरडायच्या आत मीच ओरडलो.