म्हशीनं न गिळलेली अंगठी

मी एमएस्सीला शेणकिडे घेतले, तेव्हा बाबांनी नातेवाइकांत केमिस्ट्री म्हणून सांगून टाकलं. माझ्यासाठी स्थळं बघणं चाललेलं, आणि शेणात हात घालणाऱ्या मुलीला कोण पत्करणार, ही त्यांची काळजी. मला भयंकर राग यायचा. एकदा तरी त्यांनी चारचौघांत खरं सांगावं, एवढंच मला हवं होतं.

हे किडे मसुराएवढे. ते गोळेबिळे वळत नाहीत, शेणाखालीच बीळ करून राहतात. माद्या सगळ्या सारख्या. जात ओळखायची तर डोक्यावर शिंग असलेला नर लागतो. तीन ठिकाणच्या तबेल्यांतली जात मला नोंदवायची होती. शहाडला नर मिळालेला, माजिवड्याला नाही. राहिलं कोलशेत. तरुण मुलगी तबेल्यामागे एकटी कशी जाणार, म्हणून रिटायर्ड बाबा इस्त्रीच्या शर्टात डोंबिवलीहून सोबत आले.

मी चिमट्यानं शेणाचा पो उकरत होते. मासळी विकून परतणारी एक कोळीण थांबली.

"काय गो पोरी, काय हारवलाय?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "अंगठी. चारा घालताना म्हशीनं गिळली."

झालं! बाईंनी टोपली खाली ठेवून हाका मारल्या आणि आख्खी आळी पदर खोचून शेणात उतरली. कुणी चाळण आणली, कुणी म्हशीपुढे नारळ ठेवला. म्हशीला एरंडेल पाजावं का, यावर दोन पक्ष पडले. तबेलेवाला "भैंस को हाथ नहीं लगाना" म्हणून बोंबलत होता. माझे किडे केव्हाच जमिनीत पसार झाले. मी बाबांकडे खाऊ का गिळू अशी बघत होते.

तेवढ्यात ओरडा झाला, "गावली गो, गावली!"

खरीच अंगठी. सोन्याची. कुणाची, देव जाणे. कोळीणबाईंनी ती धुऊन बाबांपुढे धरली.

बाबा घामाघूम. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला.

"ही आमची नाही," ते म्हणाले. "आमचं काही हरवलंच नाही. माझी मुलगी शेणातल्या किड्यांचा अभ्यास करते."

चाळणवालीनं चाळण खाली ठेवली.

"एवरी शिकलेली पोर," कोळीणबाई कळवळून म्हणाल्या, "तिला दुसरा काय जमत नाय?"

"जमतं की," बाबा म्हणाले. "पण तिला हेच आवडतं."

शिंगवाला नर त्या दिवशी मिळालाच नाही. मी मात्र सगळ्यांसमोर आनंदानं भोकाड पसरलं. हात शेणानं भरलेले, डोळेही पुसता येईनात.