धाकट्याचा अबोला

आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नसली तरी कामं अडत नाहीत. मध्ये तिसरं कुणीतरी लागतं, एवढंच. माणूस नसेल तर बैल चालतो, बैल नसेल तर अंगणातला कडूनिंब. अपघाताच्या आधी जवळपास दोन वर्षं माझा धाकटा भाऊ माझ्याशी असाच बोलत होता. मी ओट्यावर समोर बसलेला असायचो आणि तो आईकडे बघून म्हणायचा, "माय, त्याले सांग, माले सकायले ट्रॅक्टर पाहिजे." आई मान वळवून तेच मला सांगायची. मी आईला उत्तर द्यायचो. आई वैतागायची, पण दोन्ही मुलं आपल्याशी एवढं बोलतात याचं तिला थोडं बरंही वाटत असावं.

त्याची बायको तर लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी थेट बोललेली नव्हती. त्यात भांडण काही नाही. मी जेठ, म्हणजे थोरला दीर. आमच्याकडे जेठासमोर सून पदर पुढे ओढते आणि सांगायचं ते सासूला नाहीतर भिंतीला सांगते. म्हणजे घरात न बोलणं दोन प्रकारचं होतं, एक मानाचं आणि एक रागाचं. बाहेरच्याला ते सारखंच दिसलं असतं.

रागाचं कारण त्याला माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आईने विचारलं की तो गप्प राहायचा आणि मी म्हणायचो, "त्यालेच विचार."

ते कारण असं. विहीर आमची सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. त्याची पपई आणि माझी केळी बांधाला बांध लावून. एका मे महिन्यात तो मुलीच्या कॉलेजच्या अॅडमिशनसाठी पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "दादा, मन्ही पाळी तू भरी दे." मी हो म्हणालो. त्याची पाळी आली तेव्हा मी पाण्याचा कॉक माझ्या केळीकडे फिरवला. पुढच्या पाळीलाही फिरवला. केळी घडावर होती. हे काही कारण होत नाही, पण दुसरं माझ्याकडे नाही.

तो परत आला तेव्हा पपईची फुलं आणि कोवळी फळं खाली पडलेली होती. मी म्हणालो, "लाईट नव्हती." तो बांध ओलांडून माझ्या केळीत गेला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरली. ओली होती. त्यानंतर त्याने आईमार्फत बोलायला सुरुवात केली.

मग अपघात झाला. प्रकाशा गावाच्या पुलाच्या अलीकडे उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता, आणि तो मोटारसायकलवर होता. मुलीने आणलेलं हेल्मेट घरी खुंटीला होतं. त्याला सुरतेला नेलं. मेंदूला सूज होती, म्हणून डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडा काढला आणि सूज उतरेपर्यंत तो त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. आम्हाला हे नीट समजावून सांगितलं होतं, तरी आई जो कुणी पांढऱ्या कपड्यात दिसेल त्याला विचारायची, "हाड जागवर शे ना?" एकदा तिने कॅन्टीनच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, आहे.

बरेच दिवस तो डोळे उघडून नुसता बघायचा. गळ्यात नळी होती. ती निघाली आणि आवाज फुटला तेव्हा मी पलंगाशी उभा होतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, चहा पिधा का?"

त्याच्या बायकोने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पिधा." मी प्यालो नव्हतो.

डॉक्टर म्हणाले, असं होतं, अपघाताच्या मागचा काही काळ पुसला जातो. कुणाचे तास जातात, कुणाचे महिने. कधी परत येतात, कधी नाही. आम्ही अंदाज घेत गेलो तेव्हा कळलं की त्याला मुलीची बारावीची परीक्षा आठवते, त्यापुढचं नाही. पुण्याला गेलेलं आठवत नाही. पपई आठवते ती उभी, भरलेली.

आईने प्रकाशाच्या महादेवाला नवस केलेला होता की दोघं भाऊ बोलायला लागू देत. आता ती पेचात पडली. "मी आसं नही मांगेल व्हतं," ती म्हणाली. पण देवाचं राहू नये म्हणून सुरतेहून आल्यावर जाऊन नारळ फोडून आली. कुणाला सांगितलं नाही. मला प्रसाद दिला.

हाड परत बसवून घरी आणल्यावर खरं काम सुरू झालं. शहाद्याहून एक थेरपीवाल्या बाई यायच्या. डावा हात आणि डावा पाय त्याचे होते, पण त्याच्या ऐकण्यात नव्हते. डावीकडे जग आहे हेच तो विसरायचा. ताटातली उजवीकडची अर्धी भाकर खायचा आणि भूक राहिली म्हणून रागवायचा. त्याची बायको ताट फिरवायची, की त्याला नवीन अर्धी भाकर सापडायची. अंगणात आम्ही धरून चालायला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले. बांबू माझ्या केळीच्या टेकूचे होते. तो रोज ते धरून कडूनिंबापर्यंत जायचा, आणि डावीकडच्या बांबूला आपटून परत यायचा.

बाईंनी आम्हाला आठवणींचा व्यायामही दिला. संध्याकाळी त्याला मागची एक गोष्ट सांगायची, सकाळी विचारायची. "छोटी सांगा," त्या म्हणाल्या, "आणि खरीच सांगा. खोटं एकदा डोक्यात बसलं की काढायला दुप्पट मेहनत." शेती आम्ही मिळून केली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. सगळ्यांना ते योग्य वाटलं.

मी त्याला आमची पहिली बैलजोडी सांगितली. वडिलांनी रेडिओ घेतला तेव्हा तो आतल्या माणसाला शोधत होता ते सांगितलं. असं करत करत मुलीच्या बारावीपर्यंत आलो आणि पुन्हा बैलजोडीपासून सुरुवात केली. तो तक्रार करत नव्हता, आदल्या दिवशी काय ऐकलं ते त्याच्या लक्षातच राहत नव्हतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही पुढे का जात नाही?" मी म्हणालो, त्याला ताण नको. त्या म्हणाल्या, "फार काळजी घेता हो भावाची." मी ते ऐकून घेतलं.

आता लिहायला बसलोच आहे तर लिहून टाकतो. तो पूर्ण बरा झाला तर माझ्याशी बोलणार नाही, हे मला माहीत होतं. रोज सकाळी तो बाहेर येऊन "दादा, चहा पिधा का?" म्हणायचा, आणि मी आधीच चहा प्यालेलो असलो तरी नाही म्हणायचो. मग आम्ही दोघं प्यायचो. त्याचा कप मी धरायचो. त्याच्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट महिने. माझे बरे चालले होते.

एकदा त्याने विचारलं, "दादा, मन्ही पपई कशी शे?"

मी म्हणालो, "व्हायरस उना व्हता. उपटी टाकनी पडनी."

आमच्या भागात पपईवर व्हायरस येतोच, त्यावर कुणी शंका घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या आणि त्यांनी विचारलं, काल काय गोष्ट ऐकली. काल बैलजोडीची गोष्ट ऐकली हे त्याला कधी सांगता आलं नव्हतं, रेडिओचीही नाही. तो म्हणाला, "मन्ही पपईवर व्हायरस उना व्हता." बाईंनी टाळ्या वाजवल्या. अपघातानंतर त्याच्या डोक्यात पक्की बसलेली ही पहिली गोष्ट. आईने त्याच्यावरून मीठमोहरी ओवाळली. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदरामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही.

पुढे तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला व्हायरस सांगायला लागला. लोक म्हणायचे, हो बाबा, सगळ्यांकडेच होता. मी मान हलवायचो.

त्या हंगामात त्याच्या बायकोने स्वतःच्या हिमतीवर पपईची नवी रोपं लावली होती. तो काठी घेऊन चालायला लागला तेव्हा आम्ही त्याला शेतात नेलं, त्याला बरं वाटावं म्हणून. आई बांधावर बसली. मी मोटार बघायला गेलो. परत येतो तर तो काठी टाकून सरीत बसला होता आणि चांगल्या हाताने रोपं उपटत होता. चांगली हिरवी, हातभर वाढलेली. उजवीकडची तेवढी सगळी उपटली होती, डावीकडची त्याला दिसली नव्हती. त्याची बायको धावत आली, त्याचा हात धरायला लागली, तर तो ओरडला, "सोड, व्हायरस शे. एक राह्यनं ते सगळं जाई. दादाले विचार." झटापटीत तो चिखलात आडवा झाला.

आम्ही दोघांनी त्याला उचलून बांधावर आईजवळ बसवलं. मग ती माझ्याकडे वळली. पदर मागे पडला होता, तो तिने पुढे घेतला नाही. आई होती, बांध होता, पपई होती, सांगायला तिला खूप जण होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, त्यासले खरं सांगा. मी सांगू शकस, मी सांगं नही. ते तुमना तोंडतून निंघाले पाहिजे."

आई म्हणाली, "काय सांगाले पाहिजे?"

त्या संध्याकाळी मी आईसमोरच सांगितलं. सुरुवात उन्हापासून केली. त्या वर्षी ऊन फार होतं, केळी घडावर होती, विहिरीला पाणी कमी होतं, असं करत करत कॉकपर्यंत आलो. तो ऐकत राहिला. मग त्याने स्टीलचा पेला उचलून फेकला. तो मला लागला नाही. आई उठून आत गेली. सकाळी तो बाहेर आला आणि म्हणाला, "दादा, चहा पिधा का?" पपईचं विचारलं तर म्हणाला, व्हायरस.

चूक कबूल केली की माणूस हलका होतो म्हणतात. ते एकदाच कबूल करायची असली तर. मला रोज करावी लागली, आणि तो रोज पहिल्यांदाच ऐकायचा. एकदा हसला. एकदा रडला, पण तेव्हा तो टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी रडायचा, म्हणून ते मी धरलं नाही. एकदा शांतपणे विचारलं, "मंग तुन्ही केळीले भाव भेटना का?" म्हटलं, नाही. म्हणाला, "बरं झायं." आणि सकाळी पुन्हा चहा.

शेवटी बाईंना सांगावं लागलं की खोटं बसलंय आणि ते मीच बसवलंय. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. म्हणाल्या, "तुम्ही फार लांब सांगता. एवढं तो धरू शकत नाही. दोन वाक्यांत सांगा. रोज तीच दोन वाक्यं."

मी आधी ऊन काढलं. मग विहिरीचं पाणी काढलं. केळीचे घड काढायला जड गेले, पण तेही काढले. उरलं ते असं: "तुन्ही पाळी मी चोरी लिधी. लाईट व्हती."

हे मी रोज संध्याकाळी त्याच्या उजवीकडे बसून म्हणायचो. आई आतून ऐकायची. काही दिवसांनी ती भाकरी थापता थापता तेच पुटपुटताना मी ऐकलं.

मग एके दिवशी सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. तो काठी टेकत बाहेर आला. उंबऱ्याजवळ थांबला. माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ बघितलं. मी चहाला नाही म्हणायच्या तयारीत होतो. त्याने मान वळवली आणि झाडणाऱ्या आईला म्हणाला, "माय, त्याले सांग, मोटर बंद कर. टाकी भरी गई."

आईचा झाडू थांबला. त्याची बायको दारात आली. पदर पुन्हा कपाळाच्या खाली होता, पण खांदे हलत होते, ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. मी जाऊन मोटार बंद केली. टाकी खरोखरच भरून वाहत होती.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "म्हणजे टिकलं. चांगली बातमी आहे." त्या दिवशी घरात शिरा झाला. मलाही वाढला. आई मला वाढताना हळूच म्हणाली, "नवस ते फेडी टाका मी. आते देवले काय सांगू?" मी म्हणालो, देवाला राहू दे.

पुण्याचं त्याला अजूनही आठवत नाही. आठवतात ती माझी दोन वाक्यं. त्यावर त्याचा विश्वास आहे.

आता तो रोज शेतात येतो. सरीत जमीन खालीवर असते, डावा पाय अडखळतो, म्हणून काहीतरी धरावं लागतं. तो माझा खांदा धरतो आणि दुसरीकडे बघतो. वाटेत आम्ही बोलत नाही. उपटलेल्या रोपांच्या जागी मी नवीन लावून दिली आहेत, ती अजून बाकीच्यांपेक्षा बुटकी आहेत.

परवा त्याची पाळी होती. मी कॉक फिरवला आणि पाणी पोचायला वेळ दिला. मग त्याला घेऊन गेलो. तो एका रोपाशी थांबला, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. डाव्या पायाच्या. वेळ लागला. मी उभा राहिलो. माती ओली होती. त्याने अजून थोडं खोल उकरलं. तिथेही ओली होती.

मग तो त्या रोपाला म्हणाला, "याले सांग, फुडली पाळी बी मन्हीच शे."

पुढची पाळी माझी होती. मी रोपाला हो म्हटलं.