मावशींना आलेलं इंग्रजी पत्र

पत्र हातात पडलं आणि मावशी ते उलटसुलट करून पाहतच राहिल्या. प्रसूतिगृहात आया म्हणून त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. नर्सबाईंपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. एवढ्या वर्षांत कचेरीतून इंग्रजी पत्र असं कधी आलं नव्हतं. इंग्रजी त्यांना अक्षरं ओळखण्यापुरतंच येई, पण वरच्या ठळक शब्दाची शेपटी, म्हणजे शेवटची अक्षरं, त्यांनी लगेच ओळखली. मुदत संपलेल्या औषधांच्या खोक्यांवर लाल शिक्का असतो, त्याची तीच! आणि औषधांचं कपाट आवरायचं काम मावशींकडेच होतं.

"राहिली असणार एखादी जुनी बाटली," त्या पुटपुटल्या. "आता घरी बसा म्हणतायत."

घरात त्यांनी ब्र काढला नाही. पण दोन दिवस भाजी खारट झाली, तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सुनेनं ताट बाजूला सारलं. "आई, काय झालंय ते सांगा, नाहीतर ही भाजी तुम्हीच संपवा."

मावशींनी पदराआडून पत्र काढलं. सुनेनं ते वाचलं आणि ती खो खो हसायलाच लागली.

"अहो, हे एक्स्पायर्ड नाही, इन्स्पायर्ड आहे! म्हणजे प्रेरणा दिली. सोमवारी तुमचा सत्कार आहे."

"मग शेपटी सारखी कशी?"

"मूळ एकच ना. जुन्या लॅटिन भाषेतला शब्द आहे, श्वास घेण्याचा. एक्स्पायर म्हणजे श्वास बाहेर जाणं, संपणं. इन्स्पायर म्हणजे आत श्वास फुंकणं. कुणाच्या तरी लेकीत तुम्ही श्वास फुंकलात म्हणे. तिच्या आईनं कळवलंय."

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं, ती निळी पडलेली पोर! बाळंतिणीला रक्तस्राव होत होता, डॉक्टर तिच्यात गुंतलेले. मग मीच फुंकर घातली तोंडात, हळूहळू. रडली तेव्हा कुठे मी तिला दुपट्यात गुंडाळलं."

"आणि आम्हाला कधी बोलला नाहीत?"

"त्यात काय बोलायचं? कामच ते." एवढं म्हणून त्यांनी डोळे पुसले. त्या दुपारी त्या अशा गाढ झोपल्या, की सुनेला चहासाठी तीनदा हाक मारावी लागली.

सोमवारी सत्काराला ती पोर आली. अकरा वर्षांची झाली होती आणि तोंडाचा पट्टा क्षणभर थांबेल तर शपथ! शाळा, मैत्रिणी, पडलेला दात, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. मावशी तिचा हात हातात घेऊन ऐकत राहिल्या. पुढच्या रांगेतून कुणीतरी शूऽऽ केलं, तर त्यांनीच त्याला दटावलं, "बोलू द्या हो तिला!"