माळ्यावरची पिवळी लोकर

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे लग्नाआधीच सासरी कळवून टाकायला हवं होतं. साताऱ्याहून लग्न होऊन मी बंगळुरात आले ती नव्वदीच्या सुरुवातीला. मल्लेश्वरममध्ये सासरचं छोटंसं कौलारू घर, घरात माणसं तीन: मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायला लागले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडचं, त्यामुळे मराठीत कानडी शब्द सहज येऊन जायचे. मी तणतणायला लागले की त्या "स्वल्प हळू गं", म्हणजे जरा हळू, एवढंच म्हणायच्या.

एका वर्षी आमच्या माळ्यावर खारीनं बिऱ्हाड केलं. नवरा सकाळी सातची बस पकडून इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचा, त्याला काय त्याचं. दिवसभर डोक्यावरची खुडबुड ऐकायची मी. एक दिवस स्वयंपाकघरातला दिवाच गेला. वायरमन आला, त्यानं कुरतडलेली वायर दाखवली आणि सांगितलं, आधी खारीचा बंदोबस्त करा, नाहीतर एखाद दिवशी घर पेटेल.

खरं सांगते, मला आगीपेक्षा दुसरीच धास्ती होती. माळ्यावर तांब्याच्या घंगाळामागे मी एक कापडी पिशवी दडवली होती. आदल्या वर्षी मला दिवस गेले होते. मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी आमच्यात काही आणत नाहीत, विणत नाहीत. बाळाला पहिल्यांदा कुणाचं तरी जुनंच घालायचं असतं. पण मला कुठला दम निघतोय. अक्का देवळात गेल्या की मी दार लावून पिवळ्या लोकरीचा स्वेटर विणत बसायची. एक बाही राहिली होती आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. मी घाई केली म्हणूनच गेलं, हे माझ्या मनानं घेतलं ते घेतलंच. स्वेटर पिशवीत कोंबून मी वर टाकला. अक्कांना कळलं तर त्याही हेच म्हणतील, या भीतीनं वर्षभर मी माळ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

पहिला माणूस आला तो औषध फवारणाऱ्या कंपनीचा. त्यानं चिकट पुठ्ठे काढून दाखवले. खार त्यावर आली की चिकटली, दोन दिवसांत काम खलास. मी तर हो म्हणूनही बसले होते. अक्कांनी त्याला कॉफी दिली, त्याची कॉफी पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि मग शांतपणे कानडीत सांगितलं, की आमच्या घरात हे चालायचं नाही.

"मग माळा त्या खारीच्या नावावर करून द्या," मी म्हटलं.

"सरी, बरं, बघू," अक्का म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्यांनी यशवंतपूरच्या बाजारातून एका म्हाताऱ्या माणसाला बोलावून आणलं. धान्याच्या गोदामांतले उंदीर पिंजऱ्यात धरायचे आणि लांब नेऊन सोडायचे, हे त्याचं आयुष्यभराचं काम. अक्का त्याला अण्णा म्हणाल्या, म्हणून मीही अण्णा म्हटलं. त्यानं पिंजरा आणलाच नव्हता. त्यानं मूठभर रांगोळी मागितली. खार कौलांखालच्या ज्या भोकातून आत-बाहेर करायची, तिथं शिडी लावून त्यानं रांगोळी भुरभुरली आणि चिकूच्या झाडाखाली जाऊन बसला. दर थोड्या वेळानं उठायचा, पावलं बघायचा, रांगोळी हातानं सारखी करायचा आणि पुन्हा बसायचा. माझं पित्त खवळत होतं. दुपारी तो म्हणाला, "एकच आहे. मादी आहे. लांब जात नाही, सारखी परत येते. वर पिल्लं आहेत."

आत्ता भोक बुजवलं तर पिल्लं आत उपाशी मरतील, असं त्यानं समजावलं. आधी पिल्लं घरट्यासकट बाहेर काढायची, मग भोक बंद करायचं. आई येऊन त्यांना दुसरीकडे नेते.

"आणि नाही नेलं तर?" मी विचारलं.

"तर माझं काम वाईट झालं, अम्मा."

मी वर येऊन बॅटरी धरते म्हटलं, तर म्हणाला नको, जास्त माणसांचा वास नको. खार बाहेर पडल्याबरोबर तो माळ्यावर गेला. खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात टोपली होती आणि शिडीपाशी नेमक्या अक्का उभ्या होत्या. टोपलीत काथ्या, कापूस आणि त्यात कुरतडून मऊ केलेली पिवळी लोकर. लोकरीत बोटाएवढी तीन पिल्लं, डोळे मिटलेली. बाजूला स्वेटरची एक बाही अजून शाबूत.

अक्का वाकल्या. पिल्लांना हात न लावता त्यांनी बाही तेवढी बोटानं चाचपली.

"टाके सैल पडलेत," त्या म्हणाल्या.

अण्णानं टोपली भोकाशेजारी वाशाला बांधली, भोकावर जाळी ठोकली आणि आम्हाला आत जायला सांगितलं. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन बसलो. खार आली. जाळीला नखं लावून बघितली, खूप वेळ चिरकली आणि टोपलीकडे न बघता निघून गेली. माझा जीव टांगणीला लागला. जिला चिकट पुठ्ठ्यावर मारायला निघाले होते, तिनं परत यावं म्हणून आता मी हात जोडत होते. त्याच भरात तोंडून निघून गेलं.

"अक्का, मी आधीच विणलं हो. म्हणून गेलं."

अक्का बाहेरच बघत राहिल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती," त्या म्हणाल्या. "सातव्या महिन्यात. श्वाससुद्धा घेतला नाही तिनं. मी एक टाका घातला नव्हता गं. घरात दोरासुद्धा आणला नव्हता. तरी गेली."

तीन वर्षं मी त्या घरात होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी रडले, अगदी पोटभर. त्यांनी मला गप्प केलं नाही, पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

मग खार परत आली. एक पिल्लू तोंडात धरून भिंतीवरून चिकूवर गेली. दुसरं नेलं. तिसऱ्यासाठी येईचना.

"दोनच नेणार की काय," मी म्हटलं.

"स्वल्प थांब."

ती आली. तिसरंही नेलं. आणि आणखी एकदा आली, रिकाम्या टोपलीतली लोकर तोंडात मावेल तेवढी घेतली आणि गेली. चिकूखाली उभा असलेला अण्णा हसला. त्याला मी आपण होऊन कॉफी करून दिली.

दुसऱ्या वर्षी मला पुन्हा दिवस राहिले. तिसराच महिना चालू होता. अक्का आठव्या क्रॉसच्या बाजारातून पिवळी लोकर घेऊन आल्या, आणि घरात न येता बाहेर ओसरीवरच, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशा बसून त्यांनी पहिले टाके घातले.